रोजगाराचा पाया पहिल्या इयत्तेत: नुनावुतच्या शिक्षणखर्चाविषयी कॅनडाच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अर्थमंत्री,
कॅनडा सरकार, ओटावा

प्रत: नुनावुत विधानसभेचे सर्व सदस्य

विषय: नुनावुतमधील शाळा, शिक्षकनिर्मिती आणि रोजगार-प्रशिक्षण यांवरील खर्चाचे एकत्रित व कायमस्वरूपी नियोजन

सन्माननीय महोदय,

उत्तरेकडील वस्त्यांच्या शिक्षणावर कॅनडाचे केंद्र सरकार खर्चच करत नाही, असे कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही. तक्रार आहे ती खर्चाच्या रचनेविषयी. शाळा चालवण्याचा खर्च, शिक्षक घडवण्याचा खर्च आणि प्रौढांना रोजगारासाठी प्रशिक्षण देण्याचा खर्च हे तिन्ही वेगवेगळ्या खात्यांतून, वेगवेगळ्या मुदतींसाठी मंजूर होतात. त्यामुळे एका खात्याने पहिल्या इयत्तेत वाचवलेला पैसा दुसऱ्या खात्याला वीस वर्षांनी कितीतरी पटींनी मोजावा लागतो, आणि तरीही पहिल्या खात्याच्या वहीत ती बचत म्हणूनच नोंदलेली राहते. नुनावुत प्रदेशात इनुक्टुट भाषेतून शिकवू शकतील असे इनुइट शिक्षक घडवणे हाच तेथील सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत टिकाऊ रोजगार-प्रशिक्षण कार्यक्रम आहे, आणि म्हणून त्यासाठीची तरतूद कायद्याच्या आधाराने कायमची झाली पाहिजे, असा प्रस्तुत पत्राचा आग्रह आहे. हा आग्रह मराठीतून मांडला जात आहे, याला कारण आहे. कॅनडात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्या देशाची करदाती आणि मतदार आहेत, उत्तरेकडे जाणाऱ्या निधीत त्यांचाही वाटा आहे आणि त्या निधीचे काय होते हे त्यांच्या भाषेत त्यांच्यासमोर क्वचितच येते.

नुनावुत हा कॅनडाचा ईशान्येकडील प्रदेश 1993 च्या भूमिहक्क करारातून आणि त्याच वर्षीच्या कायद्यातून 1 एप्रिल 1999 रोजी अस्तित्वात आला. सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरांच्या या भूभागात 2021 च्या जनगणनेनुसार 36,858 माणसे राहतात. त्यांपैकी सुमारे 85 टक्के लोक इनुइट, म्हणजे आर्क्टिक किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी आहेत. त्यांच्या 25 वस्त्यांपैकी एकही दुसऱ्या वस्तीशी किंवा दक्षिणेकडील शहरांशी रस्त्याने जोडलेली नाही. त्यांच्या बोलींचे एकत्रित नाव इनुक्टुट आहे. पूर्वेकडे आणि मध्य भागात त्यातील इनुक्टिटुट ही बोली स्वतःच्या अक्षरचिन्हांत लिहिली जाते, तर पश्चिमेकडील इनुइनाक्टुन रोमन लिपीत लिहिली जाते. प्रदेशातील निम्मे लोक साधारण पंचविशीच्या आतले आहेत. याचा अर्थ असा की शाळेवरचा खर्च येथे लोकसंख्येच्या एखाद्या लहान घटकावरचा खर्च ठरत नाही, तर समाजाच्या निम्म्या भागाचे भवितव्य तो ठरवतो.

या भवितव्याविषयीचे वचन राज्यसंस्थेने लेखी दिलेले आहे. 1993 च्या कराराच्या 23 व्या अनुच्छेदानुसार नुनावुतमधील सरकारी नोकऱ्यांत, मग त्या केंद्राच्या असोत वा प्रदेशाच्या, सर्व स्तरांवर इनुइटांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील प्रमाणाइतके व्हावे, असे ठरले. संख्येच्या भाषेत सांगायचे, तर शंभरांपैकी सुमारे 85 पदे इनुइटांकडे असायला हवीत, आणि त्यांत शिपाई व लिपिकांबरोबर शिक्षक, परिचारिका, अभियंते, हिशेबनीस आणि सचिव यांचाही समावेश आहे. कराराच्या अंमलबजावणीची बोलणी अडली, तेव्हा मॅकेन्झी खोऱ्यातील वायुवाहिनीच्या चौकशीमुळे 1970 च्या दशकात देशभर परिचित झालेले माजी न्यायाधीश थॉमस बर्जर यांची मध्यस्थ म्हणून नेमणूक झाली. मार्च 2006 मध्ये त्यांनी दिलेल्या अंतिम अहवालात दोन आकडे शेजारी ठेवलेले आहेत: प्रदेश सरकारच्या नोकऱ्यांत इनुइटांचे प्रमाण सुमारे 45 टक्क्यांवर अडले होते आणि शालान्त शिक्षण पूर्ण करणाऱ्या इनुइट मुलांचे प्रमाण सुमारे 25 टक्के होते. दुसऱ्या आकड्यात पहिल्याचे कारण आहे, हे त्या अहवालाचे मुख्य प्रतिपादन होते.

बर्जर यांचे विश्लेषण आजही जसेच्या तसे लागू पडते. नुनावुतमधील बहुतेक वस्त्यांत मूल पहिली तीन-चार वर्षे इनुक्टुटमधून शिकत असे आणि मग एकाएकी सर्व विषय इंग्रजीतून सुरू होत. या वळणावर त्याची मातृभाषा लिखित, विचारक्षम भाषा म्हणून वाढायची थांबते, आणि इंग्रजी तर अजून गणिताचा किंवा विज्ञानाचा भार पेलण्याइतकी पक्की झालेली नसते. दोन्ही भाषांत अर्धवट राहिलेला असा विद्यार्थी आठवी-नववीपर्यंत वर्गात मागे पडत जातो आणि शाळा सोडतो. म्हणून बालवाडीपासून बारावीपर्यंत खऱ्या अर्थाने द्विभाषिक शिक्षण द्यावे, त्यासाठी शिक्षक घडवावेत आणि या कामाला सुरुवातीला दरवर्षी सुमारे 2 कोटी डॉलर केंद्राने द्यावेत, अशी शिफारस बर्जर यांनी केली. केंद्र सरकारने ती स्वीकारली नाही.

त्यानंतर जे घडले ते अर्थमंत्रालयाने आपल्याच हिशेबाच्या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे. 2006 च्या अखेरीस, करारानुसार इनुइटांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या नुनावुत तुन्गाविक या संस्थेने केंद्र सरकारवर करारभंगाचा दावा दाखल केला आणि मे 2015 मध्ये तो 25.55 कोटी डॉलरांच्या तडजोडीने मिटला. त्यातील 17.5 कोटी डॉलर इनुइटांच्या प्रशिक्षणासाठी राखले गेले आणि ते खर्च करण्यासाठी माकिगिआक्टा हे स्वतंत्र प्रशिक्षण महामंडळ उभे राहिले. दरवर्षी 2 कोटी या दराने 2006 ते 2015 या नऊ वर्षांत 18 कोटी डॉलर झाले असते. द्विभाषिक शाळांचा खर्च पुढे वाढत गेला असता हे मान्य केले तरी, ज्या सुमाराच्या रकमेला धोरण म्हणून नकार दिला गेला, त्याच सुमाराची रक्कम आठ वर्षांहून अधिक चाललेल्या खटल्यानंतर द्यावी लागली. फरक इतकाच की दरम्यानच्या काळात मुलांची एक सबंध पिढी शाळेतून बाहेर पडली होती आणि तो पैसा आता तिच्या प्रौढपणी, शाळेत राहून गेलेले भरून काढण्यासाठी वापरायचा होता.

या विलंबाची किंमत आधीच मोजली गेली होती. 23 व्या अनुच्छेदाची अंमलबजावणी न झाल्यामुळे काय गमावले जाते याचा अंदाज घेणाऱ्या 2003 च्या एका अभ्यासात, इनुइटांच्या हातून दरवर्षी सुमारे 12.3 कोटी डॉलरांचे वेतन निसटते आणि भरती, प्रशिक्षण व साहाय्य यांपोटी सरकारांवर वर्षाला सुमारे 6.5 कोटींचा अतिरिक्त भार पडतो, असे दाखवले होते. बर्जर यांच्या अहवालानेही त्याचा आधार घेतला. हा भार नेमका कसा तयार होतो हे समजून घेण्यासारखे आहे. स्थानिक शिक्षक किंवा लेखापाल नसला की दक्षिणेत जाहिरात द्यावी लागते. निवडलेल्या माणसाचे सामान विमानाने आणावे लागते, उत्तरेचा विशेष भत्ता द्यावा लागतो, आणि घरांचा तीव्र तुटवडा असलेल्या वस्तीत त्याला अनुदानित सरकारी घर द्यावे लागते. असे अनेक कर्मचारी दोन-तीन वर्षांत परत जातात आणि मग हाच क्रम पहिल्यापासून सुरू होतो. ते कर्मचारी आपले काम प्रामाणिकपणे करतात याविषयी शंका नाही. परंतु दर दोन वर्षांनी नवा शिक्षक पाहणाऱ्या मुलाला शाळा ही आपल्या समाजाची संस्था वाटणे अवघड जाते, आणि सरकारी तिजोरीतून उत्तरेच्या नावाने निघालेल्या पैशाचा मोठा भाग वेतनरूपाने पुन्हा दक्षिणेत येतो.

शिक्षण आणि रोजगार यांची सांगड घालण्याचा प्रयत्न कॅनडाच्या राज्यसंस्थेने यापूर्वी केला नव्हता असे नाही. पण तो ज्या पद्धतीने झाला तिचे परिणाम आजच्या अविश्वासाच्या मुळाशी आहेत. 1955 पासून आजच्या नुनावुतमधील चेस्टरफील्ड इनलेट येथे चर्चच्या वसतिगृहासह केंद्राची शाळा चालली, आणि 1964 ते 1973 या काळात मॅनिटोबातील चर्चिल येथे जुन्या लष्करी तळाच्या इमारतींत व्यवसाय-प्रशिक्षणाचे निवासी केंद्र चालवले गेले. तेथे इनुइट तरुणांना घरापासून शेकडो किलोमीटर दूर, इंग्रजीतून हस्तव्यवसाय शिकवले जात. त्या केंद्रातील काही विद्यार्थी पुढे नुनावुतच्या वाटाघाटींचे नेते झाले, हे खरे आहे. तरीही कौशल्य मिळवायचे तर भाषा आणि घर सोडावे लागेल, हाच त्या व्यवस्थेचा दंडक होता. निवासी शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्य व समेट आयोगाने 2015 मध्ये जी 94 आवाहने केली, त्यांतील सातवे आवाहन मूळ रहिवासी आणि इतर नागरिक यांच्यातील शिक्षणाची व रोजगाराची दरी मिटवण्यासाठी संयुक्त धोरण आखण्याचे आहे. शिक्षण आणि रोजगार हे दोन शब्द त्या एका आवाहनात एकत्र आहेत. अर्थसंकल्पात मात्र ते अजूनही वेगळे आहेत.

नुनावुत सरकारही या जबाबदारीतून मुक्त नाही, आणि म्हणून या पत्राची प्रत तेथील विधानसभेला आहे. 2008 च्या शिक्षण कायद्याने 2019-20 या शैक्षणिक वर्षापर्यंत बालवाडी ते बारावी द्विभाषिक शिक्षण देण्याचे बंधन घातले होते. ती मुदत पाळली गेली नाही, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीने इनुक्टुट हा भाषाविषय म्हणून सर्व इयत्तांत शिकवण्याची अंतिम मुदतच 2039 पर्यंत पुढे नेली. 2020 साली नुनावुतमधील इकालुइट किंवा पाँड इनलेट येथे जन्मलेले मूल त्या मुदतीपूर्वीच बारावीच्या वयाच्या पुढे गेलेले असेल. या दुरुस्तीविरुद्ध नुनावुत तुन्गाविकने 2021 मध्ये न्यायालयात धाव घेतली. सरकारचे म्हणणे असे की इनुक्टुटमधून शिकवणारे शिक्षकच पुरेसे नाहीत. हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. पण ही वस्तुस्थिती खर्चाच्या निर्णयांतूनच घडलेली आहे. पूर्व आर्क्टिकमध्ये शिक्षक घडवण्याचा कार्यक्रम 1979 मध्ये सुरू झाला आणि आज तो नुनावुत आर्क्टिक कॉलेजमार्फत चालतो, तर ग्रीनलंडमध्ये नूक येथील शिक्षक विद्यालय 1845 मध्ये स्थापन झाले. ग्रीनलंडच्याही शाळांपुढे अडचणी आहेत. तरीही सुमारे 56,000 लोकांचा तो इनुइट समाज आपल्या कलालिसुट भाषेतून शाळा चालवू शकतो, यामागे शिक्षकनिर्मितीवर सातत्याने केलेला दीर्घकाळचा खर्च आहे. शिक्षकांच्या तुटवड्यावर मुदत पुढे ढकलणे हा उपाय असू शकत नाही, कारण मुदत ढकलल्याने एकही नवा शिक्षक तयार होत नाही.

आता रोजगार-प्रशिक्षणाकडे वळावे. या क्षेत्रात केंद्राचा खर्च लक्षणीय आहे. 2018 च्या अर्थसंकल्पाने मूळ रहिवाशांच्या कौशल्य व रोजगार-प्रशिक्षण कार्यक्रमासाठी पाच वर्षांत 200 कोटी डॉलर आणि त्यानंतर दरवर्षी 40.82 कोटी डॉलर अशी कायम तरतूद केली, आणि तिचे श्रेय सरकारला दिलेच पाहिजे. याउलट उत्तरेतील प्रौढांना लेखन, वाचन आणि गणित शिकवणाऱ्या मूलभूत शिक्षण कार्यक्रमाला आधी पाच वर्षांसाठी 2.7 कोटी डॉलर मिळाले आणि 2017 मध्ये तीन वर्षांसाठी 1.47 कोटी. मुदत संपत आली की महाविद्यालयाला आपला शिक्षक पुढच्या वर्षी राहील की नाही हे सांगता येत नाही आणि अनुभवी शिक्षक दुसरी नोकरी शोधू लागतो. येथेच रचनेतील विसंगती दिसते: कौशल्याच्या वरच्या मजल्याला कायम निधी आहे, त्याखालच्या साक्षरतेच्या मजल्याला 2017 मध्ये तीन वर्षांचाच मिळाला, आणि मातृभाषेतील शाळा हा जो पाया, त्याच्यासाठी केंद्राकडून स्वतंत्र कायदेशीर तरतूदच नाही.

या विसंगतीचा परिणाम नोकरीच्या दारात दिसतो. नुनावुतमधील रँकिन इनलेट येथे 2010 पासून बांधकाम व इतर कारागिरीच्या व्यवसायांचे प्रशिक्षण केंद्र आहे. मेडोबँक आणि मेलियाडीन या सोन्याच्या खाणी व मेरी रिव्हरची लोखंडाची खाण यांच्याशी इनुइट संघटनांनी केलेल्या करारांत स्थानिकांना रोजगार देण्याची कलमे आहेत. तरीही वीजतंत्री किंवा यंत्रदुरुस्ती करणारा कारागीर होण्यासाठी उमेदवारीच्या प्रवेशपरीक्षेत वाचन आणि गणित लागते. ज्या मुलाचे गणित चौथी-पाचवीतील भाषाबदलात मागे पडले, तो खाणीच्या फाटकापर्यंत पोहोचतो आणि कुशल कामाऐवजी मदतनिसाच्या कामावर थांबतो. खाणीचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे असते. ती बंद झाल्यावर कारागिराचे प्रमाणपत्र त्याला दुसरीकडे उपयोगी पडते, मदतनिसाजवळ मात्र असे काहीच उरत नाही.

योग्य रचना असली की काय साधते याचे पुरावे नुनावुतमध्येच आहेत. ओटावात 1985 पासून चालणाऱ्या नुनावुत सिवुनिक्सावुत या संस्थेत तरुण इनुइट आधी आपला इतिहास, भूमिहक्क करार आणि शासनव्यवस्था शिकतात, आणि तेथून बाहेर पडलेल्यांनी प्रशासनात व इनुइट संघटनांत जबाबदारीची पदे सांभाळली आहेत. व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या साहाय्याने इकालुइट येथेच चालवलेल्या अकित्सिराक विधी अभ्यासक्रमातून 2005 मध्ये 11 पदवीधर बाहेर पडले. आपल्या वस्तीजवळ शिकणे, राहण्याची सोय, मुलांच्या संगोपनाला मदत आणि पुरेसा अवधी या गोष्टी मिळाल्या, तर इनुइट विद्यार्थी सर्वांत अवघड व्यावसायिक शिक्षणही पूर्ण करतात, हे त्यातून सिद्ध झाले. पण पहिल्या तुकडीनंतर दुसरी तुकडी सुरू व्हायला 2017 उजाडावे लागले, कारण अशा प्रत्येक यशाला प्रयोग समजून एकदाच पैसा दिला जातो.

मंजुरीच्या वेळापत्रकाचाही प्रश्न आहे. सिमेंट, लाकूड, बाके आणि यंत्रे यांसारखे जड सामान नुनावुतच्या वस्त्यांत वर्षातून फक्त बर्फ वितळल्यावरच्या काही महिन्यांत जहाजाने पोहोचते, आणि त्याची मागणी वसंत ऋतूतच नोंदवावी लागते. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन निधीचे पत्र ऑगस्टमध्ये मिळाले की त्या वर्षीचे जहाज चुकते. मग इमारतीची दुरुस्ती किंवा कार्यशाळेची उभारणी वर्षभर थांबते, किंवा सामान कितीतरी महाग भाड्याने विमानातून आणावे लागते. वर्षअखेरीस हाच निधी अखर्चित दिसतो आणि प्रदेशाची खर्च करण्याची क्षमता नाही असा निष्कर्ष काढला जातो.

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की नुनावुतला दरडोई केंद्रीय निधी आधीच देशात सर्वाधिक मिळतो. हे खरे आहे. प्रदेशाचा बहुतांश महसूल केंद्राकडून येतो, आणि तो मुख्यतः प्रादेशिक सूत्रनिधी या पद्धतीने येतो. प्रदेशाच्या अपेक्षित खर्चाची गरज आणि त्याची स्वतःची महसूलक्षमता यांतील अंतर केंद्राने विनाअट भरून काढायचे, अशी ती पद्धत आहे. परंतु डिझेलवर चालणारी वीज, विमानाने होणारी रुग्णवाहतूक आणि दक्षिणेतून आणलेले कर्मचारी यांचा खर्च भागवताना त्या रकमेतून भाषिक शाळा उभारण्याइतका अवकाश उरत नाही. आणि शिक्षक स्थानिक झाले, तर त्याच रकमेवरचा भरतीचा ताण कायमचा कमी होईल. दुसरा आक्षेप असा की इंग्रजीशिवाय नोकरी मिळत नाही. बर्जर यांची शिफारस दोन्ही भाषांत सक्षम करण्याचीच होती, आणि आजची पद्धत बहुसंख्य मुलांना इंग्रजीतही सक्षम करत नाही हेच तर तिचे अपयश आहे. तिसरा आक्षेप असा की लहान भाषिक समूहासाठी एवढा खर्च परवडणारा नाही. येथे केंद्राचेच उदाहरण पुरेसे आहे: इकालुइटमधील फ्रेंच भाषक मुलांसाठी संविधानाच्या हमीनुसार स्वतंत्र शाळा आहे, आणि ती असणे योग्यच आहे. नुनावुतमध्ये फ्रेंचसाठी मिळणारे केंद्राचे दरडोई साहाय्य इनुक्टुटपेक्षा कितीतरी अधिक आहे, याकडे नुनावुत तुन्गाविकने वारंवार लक्ष वेधले आहे. लहान समूहाच्या भाषेचा हक्क परवडतो, हे कॅनडाने स्वतःच मान्य केलेले तत्त्व आहे.

तात्पुरत्या काटकसरीचे नियम किती दीर्घकाळ नुकसान करतात, याचा धडा प्रथम राष्ट्रे म्हणवल्या जाणाऱ्या मूळ रहिवासी समूहांच्या राखीव भूमीवरील शाळांनी देऊन ठेवला आहे. त्यांच्या निधीच्या वार्षिक वाढीवर 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात 2 टक्क्यांची मर्यादा घातली गेली. महागाई आणि विद्यार्थिसंख्या दोन्ही वाढत असताना ती जवळपास दोन दशके टिकली, आणि 2016 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांसाठी 260 कोटी डॉलर देऊनही मधल्या वर्षांत शिकलेल्या मुलांना ती वर्षे परत मिळाली नाहीत.

म्हणून आगामी अर्थसंकल्पासाठी पुढील मागण्या सादर आहेत. इनुक्टुट शिक्षणासाठी सूत्रनिधीखेरीज स्वतंत्र आणि कायदेशीर तरतूद करावी, आणि शिक्षक घडून वर्गात स्थिरावण्यास लागणारा काळ लक्षात घेऊन तिची पहिली हमी किमान दहा वर्षांची असावी. शिक्षक-प्रशिक्षण वस्त्यावस्त्यांत पोहोचवून प्रशिक्षणार्थींना वेतन, घर आणि पाळणाघराची सोय द्यावी, कारण त्यांच्यापैकी अनेकांवर कुटुंबाची जबाबदारी असते. कौशल्य-प्रशिक्षणाच्या कायम निधीतून शिक्षक आणि साहाय्यक शिक्षक घडवण्यास स्पष्ट परवानगी असावी, आणि प्रौढांच्या मूलभूत शिक्षणाला तुकड्यातुकड्यांनी मुदतवाढ देण्याऐवजी त्याच कायम निधीत स्थान द्यावे. उत्तरेतील शाळा व कार्यशाळांच्या बांधकामाची मंजुरी जहाजाच्या मागणीपूर्वी, म्हणजे वसंत ऋतूच्या सुरुवातीस कळवावी. प्रत्येक इयत्तेत इनुक्टुटमधून शिकवणारे शिक्षक किती झाले आणि सरकारी पदांच्या प्रत्येक स्तरावर इनुइट किती आहेत, याचा अहवाल दोन्ही सरकारांनी दरवर्षी इनुक्टुटमध्येही प्रसिद्ध करावा. आणि या सर्व निर्णयांत नुनावुत तुन्गाविक व वस्त्यांची स्थानिक शिक्षण मंडळे यांना सल्ल्यापुरते न बोलावता निर्णयाचा वाटा द्यावा.

यांतील एकही मागणी अभूतपूर्व नाही. बहुतेकींचा आधार कॅनडाने स्वतः केलेल्या करारात, स्वतः नेमलेल्या मध्यस्थाच्या अहवालात किंवा स्वतःच्या आयोगाच्या आवाहनात आहे. 23 व्या अनुच्छेदाचे वचन पाळण्याचे दोन मार्ग आहेत: पाच वर्षांच्या मुलावर आज खर्च करणे, किंवा पंचवीस वर्षांच्या तरुणावर पुढे कितीतरी अधिक खर्च करून अर्धेच फळ मिळवणे. 2006 मध्ये दुसरा मार्ग निवडला गेला आणि त्याचा हिशेब 2015 मध्ये चुकता करावा लागला. येत्या अर्थसंकल्पात पहिला मार्ग निवडावा, ही कळकळीची विनंती आहे.

कळावे.